भाग दुसरा, फुकट

कृषी सहायक ओमप्रकाश मूर्तिजापुरात घरी बसून ज्या सिनेमाचा दुसरा भाग शोधत होते, तो भाग अजून तयारच झाला नव्हता. पहिल्या भागाच्या शेवटी नायक विहिरीच्या कठड्याला लोंबकळत राहिला होता, आणि तो मेला की वाचला हे कळल्याशिवाय ओमप्रकाशांना जेवण जात नव्हतं. निर्मात्याला जे जमलं नाही, ते एका चोरट्या साइटला जमलं होतं. दुसरा भाग, संपूर्ण, स्वच्छ आणि फुकट! मोबाइल पावलोपावली परवानगी मागत गेला. सुशिक्षित माणसासारखे ओमप्रकाश ती न वाचता देत गेले.

सिनेमा उघडला नाही. मोबाइलनं मात्र ती लिंक त्यांच्या नावानं नेमणुकीच्या गावातल्या शेतकऱ्यांच्या 'कृषी सल्ला' ग्रुपवर टाकून दिली.

याच ग्रुपवर ते सारा हंगाम गुलाबी बोंडअळीबद्दल लिहीत होते. कुणी साधं 'बरं'ही म्हटलं नव्हतं. "या आठवड्यात गावात अळीचे सापळे दिसले नाहीत, तर नोटीस तुमच्या नावानं निघेल," असं तालुका कृषी अधिकारी अकीला मॅडमनी त्यांना बजावलं होतं. लिंकवर मात्र गाव तुटून पडलं.

ग्रुपमधल्या शेषरावांचा फोन आला. "साहेब, दाबून दाबून बोट दुखलं. सिनेमा काहून चालू नाई होऊन राह्यला?"

"दाबू नका भाऊ! व्हायरस हाय तो!"

"असं कसं? सरकारी मानसानं धाडला न?"

"मी नाई, मोबाइलनं धाडला!"

"मंग मोबाइल कोनाचा हाय?"

तोवर शेषरावांच्या मोबाइलनं ती लिंक अकोल्याच्या व्याह्यांना पोचवलीही होती. घाबरलेले ओमप्रकाश गावात धावले आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून ओरडले, "माझ्याकडून मोबाइलवर आलेलं काहीही उघडू नका!"

मोबाइल दुरुस्त झाल्यावर त्यांनी सापळे कसे लावायचे, ते फोटोंसह ग्रुपवर टाकलं.

आठवडा संपताच अकीला मॅडम गावात उतरल्या. कपाशीच्या पऱ्हाटीत अळी होती, सापळा एकही नव्हता.

"शेषरावभाऊ, सापळ्यांची माहिती ग्रुपवर आली नव्हती का?"

"आली असन, मॅडम. आमी नाई उघडली. साहेबानंच भोंग्यावर सांगतलं होतं."

"एकानंही नाही उघडली?"

"एकानंबी नाई!" शेषराव अभिमानानं म्हणाले. "साऱ्या गावानं साहेबाचं आइकलं, असं पयल्यांदाच झालं."