तपकिरी लव्हाळ्याची जोपासना

जिवंत कोण आणि मेलेले कोण, हे निसर्गाला आपोआप कळते. कचेरीला त्यासाठी समिती नेमावी लागते. (यात निसर्गाचे फारसे कौतुक नाही. त्याला आवक-जावक सांभाळावी लागत नाही.)

त्या कचेरीत शोभेचा लव्हाळा आला तो मोठ्या साहेबांच्या हौसेने. साधा लव्हाळा कोणाच्याही परसात फुकट उगवतो आणि उपटता उपटत नाही, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. हा लांबून मागवलेला होता. विस्कटलेल्या केसांसारखा झुपका आणि रंग जन्मतःच तपकिरी. सोबतच्या माहितीपत्रकात लिहिले होते, 'निरोगी रोप वाळल्यासारखे दिसते.' वाळलेले रोप कसे दिसते, याबद्दल पत्रक गप्प होते.

रोपाला उजेड हवा, म्हणून त्याला खिडकी मिळाली. देखभालीला माणूस हवा, म्हणून खिडकीला टाचणीकाका मिळाले. सतत कागद टाचत बसणाऱ्या या कारकुनाची सारी नोकरी संडासाच्या दाराला लागून असलेल्या टेबलाशी गेली होती. त्यांनी कधी काही मागितले नाही, आणि कचेरीनेही त्यांच्या या स्वभावाचा कायम मान राखला. आता मात्र लेखी आदेश निघाला : 'रोप जिवंत असेपर्यंत काकांनी खिडकीशी बसावे.'

खिडकीतून समोरच्या शिंप्याचे मांजर दिसे. ते शिलाई मशीनवर झोपत असे आणि शिंपी त्याच्या उठण्याची वाट बघत बसे. काकांना आयुष्यात प्रथमच ऑफिसला जावेसे वाटू लागले. घरीही ते लव्हाळ्याबद्दलच बोलत.

"अहो, एवढी काळजी माझी घेतली असतीत," बायको म्हणाली, "तर मी अशी तपकिरी झाले नसते."

लव्हाळ्याला ओलावा लागतो. काकांनी पाण्यासाठी रीतसर अर्ज केला. आस्थापना शाखेने तो शेरा मारून परत पाठवला : 'पिण्याचे पाणी कर्मचाऱ्यांसाठी आहे. रोप कर्मचारी आहे काय?' काकांनी खुलासा दिला, खुलाशावर खुलासा दिला. स्वतःच्या बाटलीतले पाणी घालावे असे त्यांच्या मनात अनेकदा आले; पण मंजुरीआधी पाणी घातले आणि रोप जगले, तर ते कोणत्या नियमाखाली जगले, हा प्रश्न उभा राहिला असता.

एके दिवशी ते बोटांनी झुपका विंचरत होते (पत्रकात तसे सांगितले आहे), तर अर्धा झुपका मुळासकट हातात आला. त्यांनी इकडेतिकडे पाहून तो परत खोचला आणि माती दाबली.

"काका, केस गळायला लागले वाटतं झाडाचे?" शेजारच्या टंकलेखिका बाईंनी विचारले. त्यांचा त्या खिडकीवर पहिल्यापासून डोळा होता.

"छे हो, भांग पाडतोय."

बाईंनी साहेबांच्या कानावर घातले आणि समिती बसली. तिने तीन कसोट्या ठरवल्या. रंग तपकिरी असावा, होता. हालचाल असावी; पंखा लावल्यावर होत होती. तक्रार नसावी, नव्हती. समितीने रोप जिवंत, किंबहुना आदर्श असल्याचे जाहीर केले. त्याच कसोट्या कर्मचाऱ्यांनाही लावल्या, तेव्हा त्र्याण्णव टक्के उत्तीर्ण झाले. उरलेले सात टक्के तक्रारीवर अडकले. त्यांची बदली झाली.

यानंतर पाण्याची मंजुरी आली. काकांनी कुंडीत तांब्याभर पाणी ओतले, आणि थोड्याच दिवसांत झुपक्याच्या मधोमध एक हिरवेगार पाते वर आले. मातीतून मुळाची एखादी गाठ आली असावी. परसात उगवतो तोच, साधा लव्हाळा. काका मांजराकडे बघत तितक्याच प्रेमाने त्याच्याकडे बघू लागले.

मोठे साहेब फेरीवर आले आणि कुंडीपाशी थबकले.

"हे हिरवं काय आहे? रोग पडलाय का?"

'साहेब, कुंडीत तेवढंच जिवंत आहे,' हे वाक्य काकांच्या ओठांपर्यंत आले. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. मांजर मशीनवर कुशी बदलत होते.

"तण आहे, साहेब," काका म्हणाले.

"मग बघताय काय? उपटा!"

काकांनी पाते धरले. ते सहज येईना. जोर लावला तेव्हा तुटून हातात आले आणि बोटांना ओला, गोडसर वास लागला. गाठ आतच राहिली. त्यामुळे पाते पुन्हा येते, आणि काका रोज इतरांच्या आधी येऊन ते खुडतात. या निष्ठेबद्दल त्यांचा सत्कार झाला. बायकोने सत्काराचा, कुंडीशेजारी काढलेला फोटो पाहिला आणि विचारले, "यातले तुम्ही कुठले?"

वाचकांपैकी कोणाला बसायला चांगली जागा मिळाली असेल, तर त्यांनी स्वतःला एकदा हळूच ओढून पाहायला हरकत नाही. फक्त आधी दार लावून घ्यावे, आणि हातात काही आलेच, तर परत खोचून माती दाबावी. कोणाला कळत नाही.