कातळावरचा वर्ग

कुडपणची आमची आत्या ऑनलाइन वर्गाला बसताना चपला काढते. वर्ग भरतो गावाबाहेरच्या कातळावर, कारण रेंज फक्त तिथंच येते. तापलेल्या दगडावर अनवाणी का, असं विचारलं तर म्हणते, "शाळा हाय ती. चपला घालून कोण बसतं गो?"

एका विद्यापीठाचा तो कोर्स होता, वेळेच्या नियोजनाचा, दर शनिवारी दुपारी, इंग्रजीतून. शिकवणारे सर न चुकता वीस मिनिटं उशिरा यायचे. महाडला घरी बसून मी तो करत होते. शिक्षणाची अट नाही, असं बाबांनी तिला फोनवर सांगितलं आणि सातवी शिकलेल्या आत्याने हट्ट धरला, "माझंपण नाव घाल." मी हसत हसत फॉर्म भरला. प्रवेश मिळाल्याचा मेसेज मिनिटभरात आला. माझं पदवीचं प्रमाणपत्र दीड वर्ष विद्यापीठात अडकलंय, हे सांगून तिला पटेना. "लय तत्पर लोक," ती गावभर सांगत सुटली. ग्रामसेवकालाही तिने ऐकवलं, "शिका कायतरी त्यांच्याकडून!"

सर पडद्यावर आले की ती उठून उभी राहायची. "बसा" म्हटल्याशिवाय बसायची नाही आणि सरांना मराठी येत नव्हतं. मग तिच्या चौकटीत आम्हा साठ जणांना बराच वेळ साडीच्या निऱ्या आणि मागे चरणारी गाय दिसायची. हजेरी आपोआप लागायची, तरी ती ओरडायची, "हजर हाय, सर!"

चौथ्या शनिवारी सरांनी तिला हिंदीत विचारलं, शिकवलेलं समजतंय का?

"नाय समजत," आत्या म्हणाली. "पण माझी भाची हाय ना. ती बघा, चष्मेवाली, खालच्या रांगेत. बाय, हात कर गो!"

कोणीतरी फिसकन हसलं. मी कॅमेरा बंद केला. सरांनी माझं नाव घेऊन विचारलं, या तुमच्या नात्यातल्या का? मी चॅटमध्ये इंग्रजीत लिहून पाठवलं, "नाही सर, त्यांचा काहीतरी गैरसमज होतोय."

संध्याकाळी आत्याचा फोन आला. "तुझी रेंज गेली वाटतं."

"हो."

त्यानंतरचे आठ शनिवार मी कॅमेरा लावलाच नाही.

कोर्स संपला. आत्याचं प्रमाणपत्रही मिनिटभरात आलं. ते छापून तिला द्यायला बाबांनी मलाच पाठवलं. दहावीनंतर मी कुडपणला गेले नव्हते. तिने कागद न बघताच देव्हाऱ्यात ठेवला आणि मला वर्ग दाखवायला कातळावर नेलं. तिने चपला काढल्या. मीही काढल्या.

"आता पुढच्या शनिवारी?"

"संपला कोर्स, आत्या."

"मग तू दिसायची कशी?"

"मी कुठे दिसत होते? कॅमेरा बंद होता माझा."

"चौकट काळी होती. पण तुझं नाव असायचं ना, इंग्लिशमधलं. अंगणवाडीच्या बाईकडून तेवढं वाचायला पहिल्याच आठवड्यात शिकून घेतलं मी." मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. "त्या दिवशी सरांना तू कायतरी लिहिलंस. तुझं नाव ओळखलं मी, पुढचं वाचता नाय आलं. काय होतं गो?"

पाय भाजत होते.

"हजर आहे, असं लिहिलं होतं," मी म्हणाले.