लिंबोणीला लाल फीत

घरामागचं रान मी एकट्याने, एका दिवसात साफ करणार, असं मी शुक्रवारी जेवताना जाहीर केलं. रान हा शब्द मी जपूनच वापरतोय. मागचं दार उघडलं की वेली आत डोकावायच्या, म्हणून आम्ही ते उघडायचंच सोडून दिलं होतं.

"माणूस लावा," बायको म्हणाली.

"तीस वर्षं ऑफिसची रेकॉर्ड रूम सांभाळतोय. ढिगाऱ्यातून कामाचं तेवढं बाजूला काढण्यात माझा हात कोण धरेल?"

घाई होती, कारण शनिवारी संध्याकाळी सासरे यायचे होते. सासूबाई गेल्यापासून ते एकटे राहतात. कायमचे आमच्याकडे या, असं म्हणून म्हणून बायको थकली होती. या वेळीही ते दोनच दिवसांची पिशवी भरणार होते आणि त्यांना परत जाऊ द्यायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"त्यांना इथे करमलं पाहिजे हो," ती म्हणाली. "मागे त्यांनी लावलेली लिंबोणी आहे. ती बघून तरी कदाचित राहतील."

मी आमटीची वाटी पुढे ओढली. ही लिंबोणी सासऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी लावली आणि माझ्यावर सोपवली. तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन येतो आणि ते आधी तिची चौकशी करतात. मी तिला फोनवर गुडघ्याइतकी केली, मग कमरेइतकी केली, आणि गेल्या महिन्यात सांगण्यासारखं काहीच उरलं नाही तेव्हा तिला फुलं आणली. प्रत्यक्षात मी एकदाही मागे फिरकलो नव्हतो. समोर आली असती तरी मी तिला ओळखलं नसतं.

शनिवारी सकाळी बायको गाडी घेऊन वडिलांना आणायला गेली. मी जुनी पँट चढवली, कोयता घेतला आणि मागचं दार ढकललं. फुटक्या फरश्या, गंजलेली खाट, त्यावर चढलेल्या वेली, आणि या सगळ्याच्या मधोमध एक काटेरी झुडूप. त्याला लाल फीत बांधलेली!

आता आमच्या ऑफिसची पद्धत सांगायला हवी. फाइलला लाल फीत याचा तिथे एकच अर्थ: ही नष्ट करा. तीस वर्षांत मी अशा हजारो फाइली निकालात काढल्या आहेत. बायकोने जाण्याआधी मला मदत म्हणून खूण करून ठेवलेली दिसत होती. मला तिचं फार कौतुक वाटलं. दोन घावांत झुडूप आडवं केलं. वास मात्र छान आला. तणसुद्धा जाताजाता काहीतरी देऊन जातं, असा एक थोर विचार तेव्हा माझ्या मनात आला होता.

मग दिवसभर मी लिंबोणी शोधत राहिलो. संशय आला की ते झाड सोडायचो. अशी अकरा झाडं सोडली.

चार वाजता बायकोचा फोन आला. "लिंबोणी दिसली ना? तुमच्या हातून चुकून तुटू नये म्हणून मुद्दाम लाल फीत बांधलीय. पोचतोच आम्ही."

माझी पाचावर धारण बसली. धावत जाऊन ढिगाऱ्यातून झुडूप ओढून काढलं, बुंध्यावर उभं केलं आणि चारी बाजूंनी फरश्यांचे तुकडे रचून त्याला टेकू दिला. लांबून बरं दिसत होतं. लांबूनच बघावं, एवढीच माझी प्रार्थना होती.

सासरे आले ते पिशवी हातात घेऊन तडक मागेच. त्यांनी मायेने फांदीवर हात ठेवला, आणि अख्खी लिंबोणी त्यांच्या हातात आली.

बायकोचे डोळे भरले. मी खाली मान घालून फितीपासून फुलांपर्यंत सगळं कबूल केलं.

"फुलांचं खोटं होतं ते कळलं होतं मला," सासरे म्हणाले. "एवढ्याशा रोपाला कुठली फुलं?"

"मग बोलला का नाहीत, बाबा?" मी विचारलं.

"तुम्ही इतकं रंगवून सांगायचात. आणि रविवारी ही बाहेर असते, तुमच्याशिवाय माझ्याशी बोलणारं होतं कोण?"

मला एकदम भरून आलं. हा माणूस दोन वर्षं आठवडाभर ज्या दहा मिनिटांची वाट बघत होता, ती मी थापा मारण्यात घालवली होती.

सासरे वाकले. त्यांनी खुंटाची साल नखाने खरवडली. आत हिरवं होतं.

"फुटेल," ते म्हणाले. "पण रोज बघावं लागेल, आणि जावईबापूंच्या भरवशावर हे सोडता येणार नाही. मलाच थांबावं लागणार."

"किती दिवस, बाबा?" बायकोने श्वास रोखून विचारलं.

"लिंबं धरेपर्यंत. तीन-चार वर्षं तरी."

बायकोने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि माझ्याकडे असं बघितलं, की तसं लग्नाच्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्यासाठी एवढं मोठं काम मी कधीच केलं नव्हतं. खरं सांगायचं तर हेही केलं नव्हतंच, चुकून झालं होतं.