खंय लागला?

आमच्या लालबागच्या चाळीत रविवारी सकाळी दही फिरायला जायचं. चेष्टा नाही. तळमजल्यावरचे दत्ताराम घाडी, म्हणजे आमचे दत्ताकाका, शनिवारी टोपात दही विरजायचे. सकाळी तो टोप आपल्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवायचे आणि रे रोडला वखारींच्या मागे, जिथे डांबर जाऊन नुसती खडी उरली आहे, तिथून त्याला एक चक्कर मारून आणायचे. आल्यावर झाकण काढून आत बघायचे. थर अखंड असेल तर गाडी सुधारली. फुटून पाणी सुटलं असेल तर "अजून हा" असं पुटपुटून टोप काकींच्या हाती द्यायचे. त्या दुपारी अख्ख्या चाळीला ताक. जवळजवळ वर्षभर आम्ही ताकच प्यायलो.

काका एका जहाज कंपनीच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. तोवर त्यांचा वाहनांशी संबंध बसच्या तिकिटापुरताच. निवृत्तीनंतर त्यांनी अचानक ड्रायव्हिंग शिकून घेतलं आणि गिरगावातल्या एका कापडवाल्याची जुनी गाडी विकत आणली. घाडींची गाडी म्हटल्यावर चाळीने पुढे काय काय यमकं जुळवली ते सांगत नाही. काकांना त्याचं काही नव्हतं. गाडीचा रंग उडालेला, एक दार आतून उघडायचं नाही, त्याचंही काही नव्हतं. तक्रार एकच, खडीवर गाडी आपटते.

मुंबईत राहणाऱ्या माणसाला खडीची एवढी काळजी कशाला, असं मी एकदा विचारलं. "आज डांबर आहे म्हणून उद्या असेल कशावरून?" असं म्हणून त्यांनी मला आमच्याच गल्लीकडे बघायला लावलं.

दही बोलत नाही, म्हणून माणसंही लागायची. चाळीत रिकामा दिसेल त्याला काका मागे बसवून न्यायचे. खडीवरून गाडी गेली की आरशात बघत विचारायचे, "खंय लागला?" उत्तर नेमकं हवं असायचं. कंबर, माकडहाड, मान, जे असेल ते. "कुठेच नाही" असं सांगणाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी एकदा "मनाला" म्हणालो, तर पुढचे काही रविवार मला बोलावणंच आलं नाही.

गाडीचे खरे डॉक्टर कॉटन ग्रीनचे रफिकभाई. काकांनी आधी त्यांच्याकडून नवे शॉकअप टाकून घेतले, तर गाडी पूर्वीपेक्षा जास्त आपटायला लागली. मग टायरमधली हवा कमी केली. पेट्रोल पंपावरचा माणूस भल्या बुद्धीने ती पुन्हा भरायचा, काका कोपऱ्यात जाऊन पुन्हा सोडायचे. एकदा इतकी सोडली की दगडावर टायर फाटलं. मग थोडी परत भरली. चाकांजवळचे रबरी बुश निघाले ते बिस्किटासारखे कडक होते, तेही बदलले. दही थोडं कमी फुटायला लागलं, पण फुटतच होतं.

शेवटी रफिकभाईंनी गाडीखाली झोपून मागच्या स्प्रिंगचे पाटे तपासले. कापडवाल्याने गठ्ठे वाहायला दोन पाटे जादा बसवले होते, त्यांनी रिकामी गाडी ताठ झाली होती. ते काढले. काकांनी ते दोन्ही पाटे घरी आणून गॅलरीत मांडले, आणि ऑपरेशनमध्ये निघालेला मूतखडा दाखवावा तसे आल्यागेल्याला दाखवले. त्या रविवारी टोपातल्या दह्याला सुरकुतीसुद्धा पडली नव्हती.

त्याच संध्याकाळी काका माझ्याकडे आले. गावी जायचंय, लांबचा पल्ला आहे, एकट्याने झेपणार नाही, तू चल, म्हणाले. सुनंदाकाकीही येणार होत्या. मला जरा नवल वाटलं. पाण्याच्या नळापाशी पडून त्यांचा मणका चेपला होता, त्याला दोन वर्षं उलटून गेली होती. तेव्हापासून त्या दवाखान्यापलीकडे कुठे गेल्याचं मी पाहिलं नव्हतं.

आम्ही पहाटे निघालो, चिपळूणला काकांच्या भाच्याकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी कणकवलीच्या अलीकडे चहाला थांबलो. काका टायर चाचपायला गेले. काकी मागे उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला सहज सांगावं तसं सांगितलं. पडल्यानंतर वर्षभराने डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा दोघं रेल्वेने माहेरी निघाली होती. स्टेशनवरून रिक्षा केली. माहेरचा शेवटचा रस्ता सगळा खडीचा. त्या रस्त्याच्या मध्यावर त्यांना वेदना असह्य झाल्या आणि रिक्षा मागे फिरवावी लागली. "भावाच्या घराची कौलं दिसत होती रे," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मुंबईत आल्यावर ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं."

मी चहाचे ग्लास परत द्यायला उठलो.

डांबर संपलं तिथे काकांनी स्टिअरिंग माझ्याकडून स्वतःकडे घेतलं. खडी सुरू झाली. गाडी होडीसारखी वरखाली होत चालली होती, पण आपटत नव्हती. आता आरशात बघून नेहमीचा प्रश्न येईल म्हणून मी वाट पाहिली. काकांनी आरशात पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. मी मागे वळलो. काकी झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, हात सैल. दुखण्यामुळे त्यांना सलग झोप नसते, खुर्चीत बसून रात्री काढतात, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं.

कौलारू घर आलं. अंगणात काकींचा भाऊ आणि वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. कुत्रं भुंकत पुढे धावलं. गाडी त्यांच्यासमोरून तशीच पुढे गेली.

"काका, घर मागे राहिलं," मी म्हणालो.

"हळू बोल," ते म्हणाले. "गाडी थांबली की उठतली ती."

ओढ्यापाशी रस्ता संपतो, तिथे त्यांनी सावकाश गाडी वळवली. परत येताना घरासमोर भाऊ हात करून काही विचारणार होता. काकांनी खिडकीतून नुसता पंजा हलवला आणि मागच्या सीटकडे बोट दाखवलं. भावाने वाकून आत पाहिलं.

आम्ही डांबरापर्यंत गेलो, वळलो आणि पुन्हा खडीवर आलो. या खेपेला कुत्रं मागच्या पडवीत बांधलेलं होतं. तांब्या पायरीवर ठेवून भाऊ आणि वहिनी शेजारी शेजारी बसली होती, आणि आमच्याकडे बघत होती. कोणी हाक मारली नाही. काकांनी गिअर बदलला, तोही आवाज न करता, आणि गाडी पुन्हा ओढ्याकडे निघाली.