मुरूडला आधीच पोचलेला मी

प्लॅनिंग कशाला म्हणतात ते आमच्या गावात फक्त मला कळतं. तिरोड्याला माझं खताचं दुकान आहे आणि धानाच्या कोणत्या बांधीत, म्हणजे शेताच्या कोणत्या तुकड्यात, कोणतं खत कधी पडायला हवं याचा तक्ता मी भिंतीवर लावून ठेवतो. अशा माणसाला चार दिवसांची सहल म्हणजे काहीच नाही! मुरूडचा समुद्र, जंजिरा किल्ला, बायको दुर्गेश्वरी, मुलगी टीना आणि मी. डिसेंबरातला शनिवार ठरला आणि मी अकरा पानांची योजना टाईप केली. गाडी किती वाजता, फलाटावर कोणत्या खांबाजवळ उभं राहायचं, मुरूडची एसटी कुठून, होडीत कोणत्या बाजूला बसलं म्हणजे मळमळत नाही, सगळं. तीन प्रती काढल्या आणि प्रत्येकीला माझ्या आधारची झेरॉक्स टाचली. "हे वाचून म्हैससुद्धा मुरूडला पोचेल," असं मी घरात सगळ्यांसमोर बोललो.

सगळ्यांमध्ये माझे वडीलही होते. दुलीचंद रहांगडाले, वय बहात्तर, डाव्या कानानं कमी ऐकू येतं. "मी बी येतो गा," ते म्हणाले. मी त्यांना समजावलं. आमचं धान कापून झालं होतं, पेंढ्यांचे पुंजणे शेतात उभे होते, मळणी बाकी होती आणि रानडुकरं मोकाट होती. "बाबूजी, धानाजवळ कोणीतरी पाहिजे ना," मी म्हणालो. रविवारी सकाळी त्यांनी घोंगडं उचललं आणि शेतातल्या मचाणावर निघून गेले.

दरवर्षी धान घरी येईपर्यंत ते तिथंच मुक्काम करतात, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. फरक एवढाच की यंदा ते रुसून गेले होते. सकाळी मी डबा घेऊन जायचो तेव्हा चोरखमाऱ्याच्या तलावावरून धुकं शेतात उतरलेलं असायचं. त्या धुक्यात मचाणावर त्यांचा पांढरा पटका आणि घोंगडं दिसायचं. तोंड तलावाकडे, पाठ माझ्याकडे. "बाबूजी, डबा!" उत्तर नाही. मान हलायची नाही, हात हलायचा नाही. रुसलेल्या बापाच्या जवळ जायचं धाडस मला चव्वेचाळिसाव्या वर्षीही होत नाही. मी डबा बांधावर ठेवायचो आणि आदल्या दिवशीचा रिकामा, धुतलेला डबा उचलून परत यायचो.

मंगळवारी दुपारी, एकदा खात्री करावी म्हणून मी मुरूडला नंदाबाईंना फोन लावला. त्या घरातली एक खोली पाहुण्यांना देतात आणि ती आमच्यासाठी पुढच्या रविवारपासून ठरलेली होती.

"नमस्कार, हेमेंद्र रहांगडाले बोलतोय."

"अहो, खोलीतून फोन कशाला करता? हाक मारायची."

"कोणत्या खोलीतून?"

"तुमच्याच. काल दुपारी नाही का आलात? खोली रिकामी होती म्हणून बरं. आठवडाभर आधी आलेल्या माणसाला मी एरवी कुठं ठेवणार?"

मी हसलो. म्हटलं, बाईंची काहीतरी गल्लत होते आहे. पण त्या बोलता बोलता थांबल्या.

"थांबा हं. तुम्ही तर बाहेर कठड्यावर बसलाय. मला इथून दिसताय. हातात फोन नाही तुमच्या." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मग मी कुणाशी बोलतेय?"

मी विचारलं, तो माणूस दिसायला कसा आहे. नंदाबाई कुजबुजत सांगायला लागल्या. उंच, सुकडा, उजवा खांदा उतरता. फार बोलत नाही. जेवायला बसला की पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवतो. हाक मारली तरी वळत नाही, समुद्राकडे तोंड करून बसून राहतो. "आणि या वयात एकटे फिरता याचं मला कालपासून कौतुक वाटतंय," त्या म्हणाल्या.

या वयात! मी महिन्यातून दोनदा केस काळे करतो. पण तेव्हा राग यायलाही जागा नव्हती, कारण फोन स्पीकरवर होता आणि दुर्गेश्वरी माझ्या जेवणाच्या ताटाकडे बघत होती. ताटाच्या बाहेर, फरशीवर, मी काढून ठेवलेला पहिला घास होता.

"पप्पा, तुम्ही दोन आहात का?" टीनानं विचारलं.

बुधवारी मी नंदाबाईंकडे फोटो मागितला. चेहरा काढायची त्यांची हिंमत झाली नाही, खिडकीतून पाठमोरा काढून पाठवला. पुढं राखाडी समुद्र, दूर पाण्यात जंजिरा आणि कठड्यावर बसलेला मी. अंगात माझा मरून स्वेटर होता. तोच स्वेटर मी रविवारपासून घरभर शोधत होतो. दुर्गेश्वरीनं फोटो बघितला, मग माझ्या दंडाला बोट लावून बघितलं.

"गरम आहे," ती टीनाला म्हणाली.

"अवो, गेल्या आठवड्यापासून तुमी जेवता कमी," नंतर ती मला म्हणाली. "उरलेलं तिकडं तर नाही ना जेवून राहिले?"

मी योजनेची फाईल काढली, निदान आपले कागद तरी जागेवर आहेत का बघू म्हणून. तीन प्रतींपैकी दोनच होत्या. झेरॉक्समध्ये माझा चेहरा असा काळा येतो की तो कुणाचाही असू शकतो, पण नाव, पत्ता, नंबर माझाच. कागद आणि स्वेटर घेऊन माझ्यातलं कोणीतरी मला न सांगता निघून गेलं होतं. मी आरशात बघायचं सोडून दिलं.

संध्याकाळी शेजारचा भैय्यालाल आला. त्याचं शेत आमच्या शेताला लागून आहे. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं गंभीर चेहऱ्यानं ऐकलं.

"होते गा असं," तो म्हणाला. "आमच्या आज्याचं बी झालं होतं. आधी ते जाते, मंग माणूस जाते."

"कुठं जाते?"

"ते काई आज्यानं येऊन सांगतलं नाही."

भैय्यालालनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू आता धुक्यात फिरू नोको. मचाणाकडं तर जाऊच नोको. उद्यापासून काकाजीचा डबा माझ्याजवळ देत जा, मी पोचवतो." असा शेजारी नशिबानं मिळतो, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

गुरुवारी सकाळी सात वाजता तो डबा घेऊन गेला आणि मी घरात बसलो. पण बसवेना. भीती वाटली की माणूस कितीही मोठा असो, त्याला बाप आठवतो. सहल रद्द करावी, बाबूजींजवळ जाऊन बसावं, सोबत नेत नाही म्हणालो याची माफी मागावी, असं वाटायला लागलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला कुठं जावंसं वाटतं का. मी चप्पल घातली आणि निघालो.

शेतात धुकं इतकं दाट होतं की पुंजणे माणसांसारखे दिसत होते. कुठं आवाज नाही. मचाणावर बाबूजी तसेच, पाठ करून बसलेले. चार दिवसांत त्यांनी मांडीसुद्धा बदलली नव्हती, हे माझ्या आता लक्षात आलं.

"बाबूजी, मले भेव लागून राहिलं," मी म्हणालो. ते हलले नाहीत. मी शिडी चढलो, मागून त्यांच्याजवळ गेलो आणि पाय धरले.

पाय निघून माझ्या हातात आला.

मी ओरडलो असेन, कारण तलावावरचे बगळे उडाले. मचाण हललं, बाबूजींचं डोकं खांद्यावरून घरंगळलं, खाली बांधावर पडलं आणि फुटलं. त्याच्या मागोमाग मी पडलो. पडल्यावर बघितलं तर हातात धोतरात गुंडाळलेली धानाची वाळकी तणस होती आणि शेजारी पटक्यात बांधलेल्या मडक्याच्या खापऱ्या.

पुंजण्याच्या मागून भैय्यालाल आला. एका हातात आमचा डबा, दुसऱ्या हातात पोळी, तोंडात वांग्याची भाजी.

"तुले मी म्हटलं होतं, येऊ नोको," घास गिळून तो म्हणाला. "काकाजी रविवारीच गेले. जागल मी करून राहिलो. डुकरांसाठी एवढं बुजगावणं पुरते, अन् तुझ्यासाठी बी पुरलं."

मी तिथंच चिखलात बसून नंदाबाईंना फोन लावला आणि सांगितलं, घाबरू नका, फोन त्यांच्या उजव्या कानाला लावा.

"हॅलो," बाबूजी म्हणाले.

"बाबूजी, सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तर तू जाऊ देला असता?"

मी एक खापरी उचलून बांधावर ठेवली.

"तुझा कागद बेस आहे गा," ते म्हणाले. "कोणत्या खांबाजवळ उभं राहाचं ते बी लिहिलं होतं. कोणाले काई विचारा लागलं नाही. थंडी होती म्हणून तुझा स्वेटर घातला. होडीत डाव्या बाजूनं बसलो, मळमळलं नाही." मागून लाटांचा आवाज येत होता. "आपल्या चोरखमाऱ्याचा पल्याडचा काठ दिसते. इथं काठच नाही दिसून राहिला. तीन दिवसांपासून पायतो आहो."

"अजून पाहा," मी म्हणालो. "आम्ही शनिवारी निघतो, सगळे मिळून राहू."

"दुर्गेश्वरीले अन् टीनाले पाठव," बाबूजी म्हणाले. "तू राह्य. भैय्यालालच्या पोरीची सोयरीक आहे, तो शनवारपासून नाही. धानाजवळ कोणीतरी पाहिजे ना."

त्या दोघी शनिवारी गेल्या. प्रवासात कुठंही अडचण आली नाही, कारण प्लॅनिंग माझं होतं. हे सगळं मी मचाणावर बसून लिहितो आहे. नवं मडकं बसवून बुजगावणं शेजारी ठेवलंय, आणि बांधावरून जाणारे लोक आधी त्याला राम राम करतात.

काल नंदाबाईंनी त्यांच्या वहीचा फोटो पाठवला. पाहुण्याचं नाव, हेमेंद्र रहांगडाले. खाली अभिप्राय माझ्या नावानं, अक्षर बाबूजींचं: 'समुद्र चांगला आहे. मुलगा आला नाही, पण कागद चांगला लिहितो.' म्हणजे कागदोपत्री मी मुरूड बघून आलोय, आता परत जायचं म्हटलं तर कारण काय सांगू?