हितेंद्रने पॅनल बदललं

"अर्ध्या तासाचं काम! जुनं पॅनल काढायचं, नवं बसवायचं. व्हिडिओत बघितलंय मी! त्यात काय!"

असं हितेंद्र त्याच्या बायकोला, चारुलताला, छाती फुगवून सांगत होता. ज्याला गॅस सिलेंडरचा रेग्युलेटर बसवता येत नाही, तो माणूस!

झालं असं की, हितेंद्रचे वडील पितांबर नाना म्हणजे सावद्यातले केळीचे मोठे व्यापारी. त्यांच्या गॅरेजला आडव्या पट्ट्यांचं दार. बटण दाबलं की सगळं वर सरकतं. एकेका पट्टीला पॅनल म्हणतात. पाहुणा आला की नाना आधी दार दाखवायचे, मग पाणी विचारायचे! त्याच दाराच्या सगळ्यात खालच्या पॅनलला हितेंद्रने सकाळी गाडीचं बूड हाणलं. पॅनल पापडासारखं वाकडं!

नाना भुसावळला लग्नाला गेलेले. ते यायच्या आत नवं पॅनल लागलं नाही, तर हितेंद्रचं काही खरं नव्हतं. आधीच नाना तापलेले. विकास सोसायटीची निवडणूक तोंडावर! एकीकडे नानांचं पॅनल, समोर तोताराम आबांचं.

घरात आईने ऐकायला नको म्हणून हितेंद्र चहाच्या टपरीवर गेला आणि दारवाल्या भाईदासला फोन लावला. ओरडून!

"हां भाईदास! पॅनल बदलायचंय! खालून पार वाकलंय! नानाले कळू द्यायचं नाही! ते गावात नाहीत तोवर उरकू! नवं पॅनल घेऊनच ये!"

मागच्या बाकावर लोटन बसला होता. नानांच्या प्रचाराचा सगळा भार त्याच्यावर. त्याचा चहा नाकात गेला!

भाईदास मूळचा धुळ्याचा, आता जळगावात दारं बसवतो. तो टेम्पोतून उतरला तर हितेंद्र पाना घेऊन दाराच्या खालच्या कोपऱ्यातला नट पिळत बसलेला. भाईदास फाटकातूनच किंचाळला.

"हात काढा भाऊ! आधी मोटरनी पिन काढा! बठ्ठं टेन्शन वर शे! वरनाले ढिलं करा, मंगच खालनं पॅनल सोडा! नाहीतर तोंड फुटी जाई!"

तो बोलत होता दारावरच्या स्प्रिंगबद्दल. ती पिळून ताणलेली असते आणि तिची वायर खालच्या पॅनलला अडकवलेली. तो नट सुटला असता तर वायरच्या तडाख्याने हितेंद्रचे दात अंगणभर वेचावे लागले असते! पण कंपाउंडबाहेर लोटन पोरं घेऊन उभा. त्याने ऐकलं, टेन्शन वर आहे.

"वर म्हणजे मुंबई!" लोटन पोरांना म्हणाला. "दबाव आला रे बापा!"

तो सरळ आत घुसला.

"हितेंद्रभाऊ, पॅनल बदलू रायले तुमी?"

"हव! पण हळू बोल ना. आई घरात आहे."

"आईलेबी माहीत नाही?"

"कोणालेच नाही. तुले कोणं सांगितलं?"

"ते सोडा! आमचं काय?"

"तुमचं काय? धरा ना एका बाजूने! माणसं लागतातच."

"आमीबी यायचं? आन जुन्या पॅनलचं काय?"

"भंगारात!"

लोटनचे डोळे भरून आले. "ज्या पॅनलनं तुमच्या घराची इज्जत राखली, ते भंगारात?"

"कसली इज्जत! खालून उंदीर शिरू रायले होते!"

"उंदीर? भाऊ, तोंड सांभाळून!"

हितेंद्रला कळेना, उंदराला उंदीर म्हटलं तर याला एवढं काय झोंबलं!

तेवढ्यात टपरीवरची बातमी ऐकून तोताराम आबा हार घेऊन हजर! "शेवटी नानांनी जाहीर केलं म्हणायचं!" म्हणत त्यांनी हितेंद्रच्या गळ्यात हार घातला. लोटनने तो खेचला. आबांनी परत घातला. हितेंद्र मध्ये, बैलासारखा इकडे तिकडे मान हलवत! पोरं फोटो काढून गावभर पाठवायला लागली.

"बठ्ठा सरका!" भाईदास बोंबलला. "मी स्प्रिंग ढिली करी रायनू!"

माणसं चिमण्यांसारखी उडाली. मग भाईदासने दोन सळया घालून स्प्रिंग सैल केली, वायर सोडवली, वरची पॅनलं टेकू देऊन धरली आणि खालचं बदललं. बाहेर लोटन आणि आबांची हमरीतुमरी चालूच!

स्प्रिंग परत ताणून भाईदास घाम पुसत होता, तेवढ्यात नानांची गाडी फाटकात. नाना तडक आत आले. हितेंद्रचं मनगट धरलं आणि त्याला गॅरेजमध्ये ओढलं. हितेंद्रने डोळे मिटून गाल पुढे केला.

थप्पड आलीच नाही. नाना कानाशी कुजबुजले,

"हित्या, पॅनल बदलायचं तोतारामशी माझं फोनवर ठरू रायलं होतं. तुझ्या आईलेबी बोललो नाही मी. तुले कोणं सांगितलं?"

हितेंद्रने हळूच भाईदासकडे बघितलं.

"मनाकडे काय देखतस भाऊ?" हत्यारं गोळा करत भाईदास म्हणाला. "मी ते फक्त खालनं बदलं!"