बावीस वादक मुक्कामाला

थापा मारायची शाळा निघाली तर अख्ख्या झाशीत हेडमास्तर मीच. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये असताना एका साहेबाला मी पटवलं होतं, की बेतवेतल्या मगरी इंजिनाची शिटी ऐकून पुलाखालून बाजूला होतात. साहेब रविवारी दुर्बीण घेऊन गेला. एकच गिऱ्हाईक मला कधी गावलं नाही. माझी बायको, तारा. लग्नापासून तिने माझी एकही थाप गिळलेली नाही.

तर मला एक चाल पुन्हा ऐकायची होती. आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात नाटक व्हायचं. तालमी आमच्या घरी, आणि सगळ्यांना जेवू घालायची तारा. पडदा वर जाण्याआधी पार्सल ऑफिसातला कमलाकर क्लॅरिनेटवर स्वतःची एक चाल वाजवायचा. पुढे कोणाची बदली झाली, कोणी पेन्शन घेऊन पुण्याला गेलं. कमलाकर तर त्याहूनही लांब गेला. पडदा खालीच राहिला. चाल मात्र माझ्या डोक्यात अजून वाजते, बहुतेक दाढी करताना. म्हणून गालावर हे व्रण.

मुलगा मकरंद बंगळुरूहून म्हणाला, "बाबा, कॉम्प्युटरवर अख्खा ऑर्केस्ट्रा मिळतो. खऱ्या वादकांचा एकेक सूर रेकॉर्ड केलेला. तुम्ही कीबोर्डची पट्टी दाबली की तो वाजतो. फक्त लहानसा घ्या. तुमच्या लॅपटॉपचं पोट केव्हाच भरलंय."

मी नमुने ऐकायला बसलो. एकात इतके व्हायोलिनवाले, की लॅपटॉप धापा टाकू लागला. दुसऱ्यात असा घुमारा, जणू सगळे विहिरीत पडलेत. तिसरा आटोपशीर, बावीसच वादकांचा. पण त्याच्या क्लॅरिनेटमध्ये सूर लागण्याआधी फुंकणाऱ्याचा बारीक श्वास ऐकू यायचा. कमलाकरचाही यायचा. ठरलं.

"कोण हो हे?" ताराने स्वयंपाकघरातून विचारलं.

माझी जीभ वळवळली. "व्हिएन्नाचा ऑर्केस्ट्रा. बावीस माणसं. रविवारी येतायत, मुक्काम आपल्याकडेच."

आता 'पुरे' म्हणेल, असं वाटलं. तर ती बाहेर आली, पदराला हात पुसत. "जेवायलाही?"

तिचा तो चेहरा मी तालमी बंद झाल्यापासून पाहिला नव्हता. खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "दोन्ही वेळा."

दुसऱ्या दिवशी खंडेराव गेटहून आमच्या नाटकातल्या गोदूबाई ई-रिक्षात गाद्या घालून हजर. "त्यांना ओसरीवर निजव रे, माजघरात नको. ते लोक घरात जोडे घालून हिंडतात. आणि मांडी घालता येते का त्यांना?"

"शिकतायत," मी म्हणालो.

शेजारची चंपा कुंपणावरून ओरडली, "दादाजी, सुनी है अंगरेज आ रए! अम्माजी से कहियो, मिर्ची कम डारें."

शुक्रवारपर्यंत ऑर्केस्ट्रा लॅपटॉपात उतरला, चालही बसली. शनिवारी मी म्हटलं, "तारा, समज ते आलेच नाहीत तर?"

"येतील," ती म्हणाली. पुरण वाटणं थांबलं नाही.

रविवारी दारात तालमींचे जुने सोबती: गोदूबाई, गुरसरायचे रामकृष्ण सहकुटुंब, बबीनाहून वसुंधरा आणि तिची मुलं. मुलं म्हणाली, "आजोबा, हमको मराठी समजतं, बोलायला नाही येत." मागोमाग आणखी मंडळी. बैठकीत पाय ठेवायला जागा नाही, आणि सगळे माझ्याकडे बघतायत.

"कुठायत तुझे व्हिएन्नावाले?" रामकृष्णांनी विचारलं.

मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं. आधी तो बारीक श्वास आला. मग चाल.

रामकृष्णांचा पानाचा हात तोंडापर्यंत जाऊन थांबला. गोदूबाईंनी डोळे मिटले. चाल संपली. ती संपली की पडदा वर जायचा, म्हणून जुन्या सवयीने आम्ही सगळे घरातल्या एकुलत्या एक पडद्याकडे बघू लागलो, स्वयंपाकघराच्या. मीसुद्धा.

पडदा हलला. कटाच्या आमटीचं पातेलं घेऊन तारा बाहेर आली.

"बसा. पानं वाढलीयत."

व्हिएन्नाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. कुठल्या वर्षी कोण भाषण विसरलं होतं, यावरच पंगतीत भांडणं जुंपली.

सगळे गेल्यावर मी म्हणालो, "तारा, कोणी येणारच नव्हतं गं."

"माहीत आहे. मकरंदला फोन केला, त्याच संध्याकाळी कळलं." मग जरा थांबून, "तोवर मात्र खरं वाटलं होतं हो."

"मग हे सगळे?"

"मीच बोलावले. नुसतं जेवायला या म्हटलं तर प्रत्येकाला कामं असतात. व्हिएन्ना म्हटलं की गुरसरायहूनसुद्धा माणूस येतो."

मी मनातल्या मनात हेडमास्तरकीचा राजीनामा लिहून टाकला.

"हा ऑर्केस्ट्रा लहान पडला," ती म्हणाली. "मोठा मागवा."

"लॅपटॉपमध्ये जागा नाही गं."

"घरात आहे," ती म्हणाली, आणि परत पाठवायच्या गाद्या फडताळात रचू लागली.